तुमचे भाऊ घेऊन गेले

लाँड्रीवालीने पावती पाहिली, वहीतल्या नोंदींवरून बोट खाली नेलं आणि म्हणाली, "हे कपडे गेले की. सकाळीच तुमचे भाऊ घेऊन गेले." आणि पावती घेऊन आलेल्या तिला आनंद झाला. तो किती वेळ टिकला हे नंतर तिने पुष्कळदा आठवून पाहिलं. एका श्वासापेक्षा जास्त नसेल. पण झाला हे खरं. दादा आला, वाटेत कपडे घेतले, आता घरी आईसमोर पाय पसरून बसला असेल, असं सगळं त्या एका श्वासात उभं राहिलं. मग श्वास सुटला आणि दादाला जाऊन तेहतीस वर्षं झाली हे आठवलं. गेला तेव्हा तो चौदाचा होता आणि ती दहाची. इस्त्रीच्या वाफेचा ओलसर, किंचित करपट वास दुकानात भरून होता. लाँड्रीवाली सांगत होती की गृहस्थ फार सभ्य, पावती घरी राहिली म्हणाले, पण नाव, पत्ता, कपडे किती नि कोणत्या रंगाचे, सगळं बिनचूक सांगितलं. आईच्या शालीला रफू केलंय तेसुद्धा. मग तिचा चेहरा पाहून विचारलं, काही चुकलं का. ती म्हणाली, नाही, बरोबर आहे. 'मला भाऊ नाही' एवढंच म्हणायचं होतं. ते वाक्य तिने आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं, आणि परक्यांच्या घड्या घातलेल्या कपड्यांसमोर उभं राहून ते पहिल्यांदा म्हणणं तिला जमलं नाही.

बाहेर येऊन ती शेजारच्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर थांबली. शालीचं रफू पाठीच्या मधोमध होतं. ते दिसायचं तर आईच्या अगदी मागे उभं राहावं लागतं. कुठे राहिला असेल तो उभा, भाजीच्या दुकानात, टपालाच्या रांगेत? कोण हे तिला ठाऊक होतं. चार महिने ठाऊक होतं, आणि चार महिने ती स्वतःची समजूत घालत आली होती. कानांच्या दवाखान्यात ती ऐकण्याची तपासणी करायची. काचेच्या बंद खोलीत माणूस कानावर हेडफोन लावून बसायचा, ती बाहेरून यंत्रावर बारीक बारीक आवाज सोडायची, आणि ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. तक्त्यावर रेघ उतरत जायची आणि त्या रेघेत माणसाचं वय, त्याचा कारखाना, लहानपणचं दुखणं सगळं दिसायचं. हा गृहस्थ आला तेव्हा त्याची रेघ वरच्या वर, सरळ गेली. इतके चांगले कान तिने त्या वयाच्या माणसाचे पाहिले नव्हते, आणि तसं ती कौतुकाने म्हणालीही. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला, कानात घंटा वाजतात म्हणून. तिसऱ्यांदा आला तेव्हा तिने एकही आवाज सोडलेला नव्हता, ती नुसती तक्त्यावर तारीख घालत होती, आणि तिने वर पाहिलं तर काचेपलीकडे त्याचं बोट वर होतं आणि तो हसत होता. मनातल्या मनात ती त्याला 'चांगल्या कानांचा' म्हणू लागली. मग फोनवर संदेश यायला लागले, आज आवाज बसलाय का, आज थकलेल्या दिसलात. मग तो समोरच्या फुटपाथवर दिसू लागला. नोंदणीच्या टेबलावरच्या ताईंनी दोनदा विचारलं, तर तिने, असेल कोणी, म्हणून कानाडोळा केला. चूक आपलीच, असं तिला वाटत होतं. कारण दुसऱ्या खेपेला त्याने विचारलं होतं, हे काम तुम्ही का निवडलंत, आणि सहसा कुणाशी न बोलणारी ती बोलून गेली होती, की माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या भावाला उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं.

ऐकू येत नव्हतं म्हणजे अगदीच नाही. तान्हेपणी कान फुटला आणि मग तो कान नुसता शोभेचा राहिला. दादा त्यामुळे मान वळवण्याऐवजी सगळाच्या सगळा वळायचा, बैलगाडी वळावी तसा. शाळेत जाताना आईने त्याला बजावलेलं असायचं की हिला सांभाळून ने. आता तेरा-चौदा वर्षांचा मुलगा धाकट्या बहिणीचा हात धरून मित्रांसमोरून कसा जाणार? म्हणून तो दहा पावलं मागून चालायचा, जणू ओळखच नाही. तिने मागे पाहायचं नाही असा करार होता. ती पाहायची नाही, पण ऐकायची. त्याच्या एका चपलेचा पट्टा सैल होता. एक पाऊल नीट पडायचं, दुसरं घासत यायचं: फट्, सर्र, फट्, सर्र. तो आवाज मागे असला की तिला रस्त्यावरच्या कशाचीच भीती वाटत नसे, कुत्र्यांची नाही, कारखान्याच्या भोंग्याची नाही, कोपऱ्यावर बसणाऱ्या दारुड्याची तर मुळीच नाही. तो तिला शेपूट म्हणायचा. एकदा तिने विचारलं, पुढे चालणाऱ्याला शेपूट म्हणतात होय? तर म्हणाला, म्हैस उलटी चालली की शेपूट पुढेच येतं. या विनोदावर ती शाळेच्या फाटकापर्यंत हसत गेली होती. तो गेल्यावरही पुष्कळ वर्षं, मोठी झाल्यावर, नोकरीला लागल्यावरसुद्धा, संध्याकाळी त्या रस्त्याने येताना मागून कुणाची पावलं आली की तिची चाल आपोआप सावकाश व्हायची. पाठीला ऊब लागल्यासारखं व्हायचं. बायका मागून पावलं आली की पर्स छातीशी धरतात हे तिने ऐकलं होतं, पण तिला ते कधी उमगलं नव्हतं. गेल्या चार महिन्यांत ते उमगलं. आता पाठ थंड पडायची, मानेवरचे केस उभे राहायचे, आणि ती ऊब गेली याचाच तिला सगळ्यात जास्त राग यायचा. कपडे काय, नवे घेता येतात.

दुसऱ्या दिवशी नोंदणीच्या ताईंनी तिला जेवणाच्या सुट्टीत पोलीस चौकीत नेलं. ती म्हणत होती, काय सांगणार, कपडेच तर गेलेत. ताई म्हणाल्या, तू फक्त माझ्यासोबत चल, तिथे काय सांगायचं ते तिथे बघू. चौकीतल्या अधिकारी बाई पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, बोलताना टेबलावरच्या कागदांच्या कडा जुळवत राहणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही 'पण तुम्ही' म्हणाल्या नाहीत, आणि मग औषधाच्या वेळा सांगाव्यात तशा आवाजात सांगू लागल्या. आधी एक वही करायची. तारीख, वेळ, जागा, काय घडलं, कोणी पाहिलं. मनात काय आलं ते लिहायचं नाही, डोळ्यांना काय दिसलं ते लिहायचं. संदेश पुसायचे नाहीत, त्यांचे फोटो काढून आणखी एका विश्वासाच्या माणसाकडे ठेवायचे. त्याला आता उत्तर म्हणून द्यायचं नाही. रागावून दिलेलं उत्तरही त्याला उत्तरच वाटतं. एकटीने जाऊन जाब विचारायचा नाही. तो मागे आहे असं वाटलं तर घराकडे वळायचं नाही, माणसं असतील अशा दुकानात शिरायचं आणि तिथून फोन करायचा. निघायच्या वेळा बदलायच्या, रस्ते बदलायचे. फोनमध्ये आपण कुठे आहोत हे दुसऱ्याला दिसण्याची सोय कुठे चालू राहिली आहे का ते जाणकाराकडून तपासून घ्यायचं. दाराला साखळी बसवायची. लाँड्रीवाली, औषधवाला, वरचे शेजारी, सगळ्यांच्या कानावर घालायचं की माझ्या नावाने कुणी चौकशी केली तर काही सांगू नका, मला कळवा. मग त्यांनी विचारलं, घरात कोण असतं. ती म्हणाली, आई, दिवसभर एकटीच. "मग पहिलं त्यांना सांगायचं," बाई म्हणाल्या. तिने मान हलवली. उठताना तिला राहवलं नाही, भावाचं आपणच बोललो होतो हे तिने सांगून टाकलं. बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही त्याला भावाबद्दल सांगितलंत," त्या म्हणाल्या. "भाऊ व्हायला नाही सांगितलंत."

तिने सगळं केलं. लाँड्रीवालीकडे जाऊन 'मला भाऊ नाही' हे वाक्य म्हणाली, डोळे त्या गरम इस्त्रीवर ठेवून; लाँड्रीवाली इतकी ओशाळली की हिलाच तिची समजूत घालावी लागली. औषधवाल्याला सांगितलं, तेव्हा कळलं की त्यालाही एक 'भाऊ' भेटून गेले होते, आईची कोणती गोळी चालू आहे विचारत होते. वाचनालयातही तेच. वही केली. पहिल्या दिवशी तिने लिहिलं, 'तो भयंकर रोखून पाहत होता', मग 'भयंकर' खोडलं, 'रोखून'ही खोडलं, आणि लिहिलं, '९.१०. बसथांबा. निळा शर्ट. मी बस सोडली, त्यानेही सोडली. पाहणारे: थांब्यावरचा फळवाला.' हे तिला जमण्यासारखं होतं. जन्मभर तिने हेच केलं होतं, कोणता आवाज, किती बारीक, ऐकला की नाही, हो किंवा नाही. वीसेक नोंदी झाल्यावर दिसलं की तो मंगळवारी आणि शुक्रवारी हमखास येतो, तिची सकाळची पाळी असते त्या दिवशी. अधिकारी बाईंना ते उपयोगी पडलं. पण रस्ता बदलणं जड गेलं. शाळेच्या रस्त्याने ती अजूनही कामाला जात होती. शाळेच्या जागी आता गोदाम होतं, कारखाना बंद होता, तरी फुटपाथच्या फरश्या त्याच होत्या आणि वळणावर एक फरशी तेव्हाही डुगडुगायची, आताही. तो रस्ता सोडून ती कधी बसने, कधी पुलाकडून, कधी बाजाराच्या मागून जाऊ लागली. या रस्त्यांवर तिचं काही घडलेलं नव्हतं. ती पंचेचाळीस मिनिटं चालायची आणि काही आठवायचं नाही, नुसते अनोळखी जिने, अनोळखी खिडक्या. कुणीतरी आपल्याला घरातून नाही, पण दहाव्या वर्षातून बाहेर काढलं आहे, असं तिला त्या दिवसांत वाटायचं. आपल्या येण्याजाण्याच्या वेळा कुणाला पाठ असणं ही केवढी सुखाची गोष्ट होती. आई फाटकाच्या आवाजावरून चहा टाकायची. दादाला ती कुठल्या वळणावर रेंगाळते ते मागूनच कळायचं. आता तेच, अगदी तेच, एका परक्या माणसाने पाठ केलं होतं.

फक्त आईला तिने सांगितलं नाही. साखळी बसवायला सुतार आला तेव्हा म्हणाली, दार सैल झालंय. आई म्हणाली, दार तर छान लागत होतं. वरच्या शेजाऱ्यांना तिने आईला कळू न देता सांगितलं. रोज ठरवायची, आज बोलायचं, आणि आई समोर बसून चष्म्याची काच पदराने पुसायला लागली की शब्द गिळायची. माणूस मागे लागलाय एवढं सांगता आलं असतं. पण तो सगळीकडे तुझा मुलगा म्हणून फिरतो आहे, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? घरात दादाचा विषय निघत नसे. बाबा होते तोवर ते उठून गॅलरीत जायचे म्हणून, आणि बाबा गेल्यावर सवय झाली म्हणून. दादाचा एक फोटो कपाटात चादरींखाली होता. दोघींनाही तो कुठे आहे ते माहीत होतं, आणि चादरी काढताना दोघी तेवढा कोपरा वगळून हात घालायच्या.

एका शुक्रवारी ती तीन वाजता घरी आली तेव्हा आई दाराकडे तोंड करून खुर्चीत बसली होती आणि टेबलावर तिची रफूची शाल घडी घालून ठेवलेली होती. आईने तिला आधी बसायला लावलं, पाणी दिलं, आणि मग सांगितलं, क्रमाने, काही न गाळता. बेल वाजली. साखळी लावूनच दार उघडलं, "तू लावायला सांगतेस ना, म्हणून." बाहेर उंचसा माणूस, हातात शाल. म्हणाला, लाँड्रीत अदलाबदल झाली होती. फटीतून शाल घेतली. तो आत यायचं म्हणत होता. म्हणाला, मी तुमच्या मुलीच्या ओळखीचा, मी तुमच्या मुलासारखाच. इथे आई थांबली. मग म्हणाली, "मी त्याला वय विचारलं. सत्तेचाळीस म्हणाला." दादा आज सत्तेचाळीसचा असता. चांगल्या कानांच्या माणसाचं वय तिने तक्त्यावर स्वतः घातलं होतं, एकोणचाळीस. आई पुढे सांगत राहिली. त्याला म्हटलं, थांबा हं, चष्मा आणते, आणि दार लावून घेतलं, कडी घातली, आणि घड्याळात पाहिलं. अकरा वीस. वरच्यांना फोन केला. ते खाली येईपर्यंत तो दारासमोर उभा होता, मग जिन्यात, मग समोरच्या झाडाखाली, बारा वाजायला पाच कमी असेपर्यंत. हे सगळं आईने दूधवाल्याच्या कार्डाच्या मागे लिहून ठेवलं होतं, तिच्या मोठ्या, सुट्या अक्षरात. "आता तू सांग," आई म्हणाली. "दार सैल झालं म्हणून नको सांगूस."

तिने सांगितलं. काचेची खोली, वर केलेलं बोट, संदेश, वही, रस्ते. शेवटी लाँड्री. 'तुमचे भाऊ' हे शब्द उच्चारताना तिने आईकडे पाहिलं नाही. आई रडेल, उठून जाईल, कदाचित तिच्यावरच रागावेल, असं सगळं तिने महिनाभर मनात रंगवून ठेवलं होतं. आईने शालीची घडी उघडली, रफूवर अंगठा फिरवला आणि विचारलं, किती ठिकाणी सांगितलं त्याने असं. ती म्हणाली, माहीत आहेत ती तीन. "आणि तू एकटीच फिरत होतीस हे घेऊन," आई म्हणाली. रागाने नाही म्हणाली. मग शाल धुवायच्या कपड्यांत टाकायला निघाली, अर्ध्या वाटेत थांबली, आणि ती कागदी पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधलं, पोलिसांना दाखवायला लागेल म्हणून. हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. उद्या सकाळी मी येते चौकीत, म्हणाली.

चौकीत बाईंनी आईला पंख्याखालची खुर्ची दिली. आईने कार्ड पुढे केलं, शाल पुढे केली. बाई जबाब लिहून घेऊ लागल्या. नाव, वय, पत्ता, घरात किती माणसं. ठरलेले प्रश्न होते, आई ठरलेली उत्तरं देत होती. मुलं किती, बाईंनी खाली मान घालूनच विचारलं. हा प्रश्न बँकेत, दवाखान्यात, प्रवासात शेजारी बसलेल्या बायांकडून तिने आईला शंभरदा विचारलेला ऐकला होता, आणि तेहतीस वर्षं आईचं उत्तर एकच असायचं, एक मुलगी. ते उत्तर ऐकताना ती दर वेळी दुसरीकडे पाहायची. आताही तिने भिंतीकडे पाहिलं.

"दोन," आई म्हणाली.

बाईंनी मान वर केली.

"थोरला मुलगा चौदाव्या वर्षी तापाने गेला. तो हिचा भाऊ. दुसरा कुणी हिचा भाऊ नाही. असंच लिहा, शब्दाला शब्द." आणि मग त्याच आवाजात तिने दादाचं नाव सांगितलं. ते नाव त्या खोलीत, फायलींच्या ढिगात, पंख्याच्या घरघरीत ऐकू आलं. बाईंनी ते पुन्हा विचारलं, नीट लिहावं म्हणून, आणि आईने पुन्हा सांगितलं. जबाबाखाली सही करायला आईला बराच वेळ लागला.

पुढे जे व्हायचं ते पायरीपायरीने झालं. वही, आईचं कार्ड, लाँड्रीवालीची नि औषधवाल्याची साक्ष पाहून त्या माणसाला बोलावलं गेलं, मग कोर्टाचा हुकूम निघाला की त्याने या दोघींच्या घराजवळ, दवाखान्याजवळ फिरकायचं नाही, कुठल्याही मार्गाने संपर्क करायचा नाही. महिन्याभराने तो एकदा बाजाराच्या मागे दिसला. ती भांड्यांच्या दुकानात शिरली, फोन केला, आणि त्या खेपेला त्याला धरून नेलं. नंतर तो गाव सोडून गेल्याचं बाईंनी कळवलं. तरी वेळ बदलून निघायची सवय तिने ठेवली, आणि वहीही ठेवली. रस्त्याने जाताना मागून पावलं आली तर ती अजून दचकते. पुन्हा पहिल्यासारखी पाठ ऊबदार होईल की नाही हे तिला माहीत नाही.

पण त्या दिवशी, जबाब देऊन दोघी बाहेर पडल्या तेव्हा यातलं काहीच झालेलं नव्हतं, तो माणूस गावातच कुठेतरी होता, आणि ऊन चढलं होतं. आईचे गुडघे दुखत होते म्हणून त्या सावकाश चालल्या होत्या, पुलाकडून, जिथे दोघींचं कधी काही घडलेलं नव्हतं. आई म्हणाली, तो काही तू समजतेस तेवढा बहिरा नव्हता हं. लबाड होता. तिने विचारलं, म्हणजे? आई म्हणाली, चांगला कान उशीत खुपसून झोपायचा, सकाळची हाक ऐकू येऊ नये म्हणून. मी आपली ओट्यापासून ओरडतेय, आणि हा वरती शोभेचा कान करून खुशाल पडलेला. हे तिला माहीत नव्हतं. दादाचं जे काही उरलंय ते सगळं आपल्याजवळ आहे, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. पुलाच्या मधोमध आई कठड्याला टेकून थांबली, दम खायला. खाली पाणी संथ होतं. मग, तिने विचारलं, उठायचा कसा?

"मी जाऊन खांदा हलवायचे," आई म्हणाली. "डोळे मिटलेलेच असायचे, पण हसू आवरायचं नाही त्याला. शेवटचे सहा दिवस सोडले तर रोज हसतच उठला."